सोमवारचा उपास

शालिकराम सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं ओकायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोने, माणिकबाईने, आधी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, मग नजरेला, मग शेजारणीला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याजवळच्या मळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू पिकवणारी ही दोघं. घरात तिसरं माणूस नाही. सहा महिन्यांनी तिला त्याच्या पोटावर, बेंबीच्या वर, लिंबाएवढी गाठ हाताला लागली. मग मात्र तिने कोणाचं ऐकलं नाही. त्याला आगगाडीत बसवलं आणि थेट अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर पुण्याकडचे, तरुण आणि सदा घाईत. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून इकडेतिकडे सरकवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गाठ हलते आहे," ते माणिकबाईला बाजूला घेऊन म्हणाले. "जठराचा कॅन्सर आहे, पण अजून कुठे चिकटलेला नाही. कापून काढता येईल. सगळेच वाचतात असं नाही, पण काही वाचतात. एकदा चिकटला की मात्र आम्हाला हात लावता येत नाही."

नागपूरचे सर्जन महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. "येत्या सोमवारी सकाळी आणा," डॉक्टर म्हणाले. "आणि हो, उपाशी आणा."

आता पुण्यात उपाशी म्हणजे काय असेल ते असो. वऱ्हाडातल्या माळ्याच्या घरी सोमवारी उपाशी राहायचं म्हणजे महादेवाचा उपास, आणि उपास म्हटला की भगर आली, दाण्याची आमटी आली. माणिकबाईला तर डॉक्टरांचं कौतुकच वाटलं. एवढा शिकलेला, बुटात पाय घालून फिरणारा माणूस, पण देवाला विसरलेला नाही!

रविवारी दोघं येऊन धर्मशाळेत उतरली. सोमवारी पहाटे तिने तीन दगडांची चूल मांडून भगर शिजवली. शालिकराम नको नको म्हणत होता. पण ऐकेल ती माणिकबाई कसली?

"उपासाचं हाय, खा," ती म्हणाली. "आज कापतीन, तं अंगात ताकद पायजे का नाई?" चार घास भरवले, वर वाटीभर दूध पाजलं, आणि देवाचं नाव घेऊन त्याला दवाखान्यात आणलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर कंपाउंडर रामरावने विचारलं, "काही खाल्लं काय?"

"नाई बाप्पा! कडक उपास हाय," माणिकबाई ताठ मानेने म्हणाली. "भगर तेवढी खाल्ली."

रामरावने कपाळावर हात मारून घेतला.

सर्जनसाहेब भडकले. भरल्या पोटी क्लोरोफॉर्म दिला तर ओकारी श्वासात जाईल आणि माणूस टेबलावरच संपेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माणिकबाईने त्यांचे पाय धरले. संध्याकाळी कापा म्हणाली. पण याच्या पोटाचं पुढचं तोंडच बंद. संध्याकाळपर्यंत भगर होती तिथेच राहणार होती. नागपूरच्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. पुढच्या महिन्यात या, असं सांगून त्यांनी दुसरा रोगी आत बोलावला.

"तू तं इथलाच ना?" माणिकबाई रामरावावर तुटून पडली. "तुले समजत नवतं, आमी उपासाले काय खातो ते? सायबाले सांगाचं नाई काय?"

"मले कोनी इचारलं काय?" रामराव म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून तिचा जास्तच जळफळाट झाला.

पुढच्या महिन्यात तिने आदल्या रात्रीपासून त्याला पाण्याचा थेंब दिला नाही. गाडी बदलताना तो बडनेऱ्याच्या फलाटावर चक्कर येऊन पडला, तरी दिला नाही. दवाखान्यात पोचल्यावर कळलं, सर्जनसाहेब दसऱ्याच्या रजेवर आहेत. कळवायचं कोणी? कुठे? मळ्यात काय तार येते? त्या दिवशी तिने देवाला, दवाखान्याला आणि स्वतःच्या हाताला मनसोक्त शिव्या घातल्या.

तिसऱ्या खेपेला पुन्हा त्याच तरुण डॉक्टरांनी गाठ धरली. त्यांनी एकदा सरकवून पाहिली, मग दोनदा, मग जरा जोर लावून. माणिकबाई त्यांच्या बोटांकडेच बघत होती. गाठ जागची हलली नाही. सर्जनसाहेबांनीही हात लावून पाहिलं, हात धुतले आणि शालिकरामला म्हणाले, "घरी जा. आता पाहिजे ते खा."

तो बाहेर गेल्यावर माणिकबाई मागे थांबली. "'पोटात काईच नोको' एवढंच म्हनायचं होतं, सायेब," ती तरुण डॉक्टरांना म्हणाली. "तुमची जीभ झिजली असती काय?"

"उपाशी म्हणजे उपाशीच असतं हो, बाई," ते हळूच म्हणाले आणि कागदांत बघू लागले. त्यांचं चुकलं असं तिला धड म्हणता येईना. आपलं चुकलं हे कबूल करवेना. काहीतरी उचलून फोडावं इतका राग आला, आणि फोडायला काही नव्हतं.

ती बाहेर आली तर शालिकराम डोक्याला रुमाल गुंडाळून तयार उभा. दोन महिन्यांत असा खुललेला चेहरा तिने पाहिला नव्हता.

"पथ्य सुटलं माह्यं!" तो रामरावला सांगत होता. "सायेब सोता म्हनला, पायजे ते खा. कापाकापीबी टळली." मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. "घरी गेल्यावर ठेचा-भाकर कर वं. झनझनीत."

रामरावने मान फिरवली.

"हाव," माणिकबाई म्हणाली. "करतो."

"मंग रडून काहून राहिली?" शालिकराम म्हणाला. "चांगलंच झालं ना!"