हाक बंद पडली तेव्हा

मित्रांनो, माझ्या काचेला तडा आहे आणि पाठीचे झाकण रबरबँडने धरून ठेवले आहे. तरी मी आजही कामावर आहे. मी एक जुना मोबाईल आहे, जयसिंगपूरच्या राजमतीकाकूंच्या घरातला.

नवा होतो तेव्हा त्यांचे यजमान पार्श्वनाथकाका मला रोज रुमालाने पुसत. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मग माझ्यात एक अ‍ॅप आले. काकांनी चित्रावर बोट ठेवले, की मी बोलायचो, ‘पाणी दे’, ‘पंखा लाव’. काकूंच्या फोटोवर बोट ठेवले, की म्हणायचो, ‘राजमती, जरा ये.’

एके दिवशी ती हाक मारतानाच अ‍ॅप बंद पडले. काकांनी पुन्हा पुन्हा दाबले आणि शेवटी भिंतीकडे तोंड फिरवले. मला फार वाईट वाटले. शेजारी म्हणाले, “टाकून द्या ते डबडं.”

काकूंनी मात्र अ‍ॅप बनवणाऱ्या शिवानीला फोन केला. तिच्या फोनवर सारे सुरळीत चालत होते. तरीही ती म्हणाली, “काकू, तुमचाच फोन बघायला पाहिजे.” काकू एसटीने मला कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या तिच्या कचेरीत घेऊन गेल्या.

“पाणी मागताना बंद पडतं?” शिवानीने विचारले.

“न्हाय की. मला हाक मारतानाच मरतंय बघ.”

“त्याआधी फोनमध्ये काही बदललं होतं?”

काकू ओशाळल्या. “जागा भरली म्हणत हुता, म्हणून फोटो पुसले. माझा बी पुसला. केस विस्कटलेले, लई वाईट दिसत हुतो.”

शिवानीने स्वतःच्या फोनवर अ‍ॅपमध्ये एक फोटो लावला आणि मग तो फोनमधून पुसला. अ‍ॅपमध्ये त्या फोटोच्या जागी बोट ठेवताच तिचेही अ‍ॅप बंद पडले!

“सापडलं!” आनंदाच्या भरात शिवानी काकूंच्याच बोलीत म्हणाली. “ते फोटो शोधतंय आणि मिळाला न्हाय की कोसळतंय. चूक आमची हाय, काकू. तुमची न्हाय, फोनची बी न्हाय.”

ते ऐकून मला किती हलके वाटले! फोटो नसेल तर नुसते नाव दिसावे, अशी दुरुस्ती तिने केली.

घरी काका आधी मला हात लावेनात. मग त्यांनी भीत भीत नावावर बोट ठेवले. मी म्हणालो, ‘राजमती, जरा ये.’

काकू शेजारीच बसल्या होत्या. “आलो की हो,” त्या म्हणाल्या. काकांनी पुन्हा दाबले. “आलो की!” काका हसत होते, दाबतच होते.

मित्रांनो, शिवानीचे उपकार मी विसरणार नाही. आम्ही बिघडलो तर लगेच फेकू नका. काय करताना बिघडलो, एवढे आधी विचारा. कुणाचा तरी आवाज आमच्यात असतो.