पेटीतले सर

शिकवणीच्या वर्गाबाहेर सकाळपासून पालकांची रांग लागली होती. गणिताचे सर जाऊन वर्ष झालं होतं, आणि आत, त्यांच्याच टेबलावरच्या काळ्या पेटीतून ते बोलत होते! तोच घोगरा आवाज, मध्येच तोच खोकला.

"देह गेला, बुद्धी इथेच आहे!" संचालक दारात उभे राहून ओरडत होते. "विचारा! गणित विचारा, मुलांचं भविष्य विचारा! सर चुकत नाहीत!"

सरांची मुलगी तिथेच शिकवायची. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता. आता रोज वर्ग सुटला की ती पेटीसमोर बसायची. विचारायची काही नाही, नुसती ऐकत राहायची. आईला मात्र सांगायची, "काम होतं."

आज ती रांगेजवळ उभी होती, तेवढ्यात शिवणकाम करणारी एक बाई लेकीला घेऊन बाहेर आली. पोर रडून रडून लाल झाली होती.

"सर म्हणाले, हिला गणित झेपणार नाही. नाव काढून टाकते."

"त्यांनी हिची वही पाहिली?" सरांच्या मुलीने विचारलं.

"सरांना वही कशाला लागते?"

 वही न पाहता तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कधी कुणाला शेरा दिला नव्हता. ती तडक आत पेटीसमोर गेली.

"अण्णा, मी लहानपणी विहिरीत पडले, तुम्ही उडी मारून मला काढलंत. आठवतं?"

"कसं विसरेन, बाळ? पाणी फार गार होतं."

ती संचालकांकडे वळली. "मी कधीच विहिरीत पडले नाही. अण्णांना पोहताही येत नव्हतं."

"बिघाड आहे, बिघाड!" संचालक पुढे धावले.

पेटी बसवणारा तंत्रज्ञ खाली मान घालून म्हणाला, "बिघाड नाही. सरांच्या तासांच्या रेकॉर्डिंगवरून आवाज बनवलाय. बोलतं ते एआय. शोभेलसं वाक्य जुळवतं. खरं-खोटं त्याला कळत नाही."

"मग त्याला त्याच्या जागी ठेवा," ती दारात जमलेल्या पालकांकडे वळून म्हणाली. "मुलांनी आधी स्वतः गणित सोडवावं, मग त्याला विचारावं, आणि ते सांगेल तेही तपासावं. पण कुणाच्या पोरीचं काय व्हायचं, हे त्याला ठरवू देऊ नका."

"आवाज पुसू?" तंत्रज्ञाने हळूच विचारलं.

तिने पेटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "पुसा."

डोळे पुसून ती त्या मुलीशेजारी बाकावर बसली आणि तिची वही उघडली. तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह सुटलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं.