खांबाशेजारचा माणूस

“बाबा, आता उघडा डोळे,” रेणू म्हणाली.

मनोहररावांनी डोळे उघडले. मुलाच्या, निहारच्या, दिवाणखान्यात, मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर, सोनेरी चौकटीत त्यांचा ग्रीसमधल्या पार्थेनॉन मंदिराचा फोटो टांगला होता. भावाच्या आजारपणात ते पुण्याला गेले, त्याच आठवड्यात रेणूने, त्यांच्या सुनेने, तो त्यांच्या कपाटातून काढून फ्रेम करून घेतला होता. पंचाहत्तरीचं सरप्राइज. ते परत येईपर्यंत अमेरिकेतल्या एडिसन गावचा सगळा उन्हाळा फोटोने त्या भिंतीवर काढला होता.

फोटोग्राफी नवी होती तेव्हाचा तो फोटो, मिठाच्या पाण्यात भिजवून तयार केलेल्या कागदावरचा. उन्हाने काढलेला आणि उन्हालाच भिणारा. म्हणून तो चपट्या डब्यात, काळ्या कागदात गुंडाळलेला असायचा. लग्नाच्या वाढदिवसाला पडदे ओढून ते आणि सुहासिनी तो बघायचे. त्यात भंगलेल्या एका खांबाशेजारी एक माणूस उभा होता. खांबाची उंची कळावी म्हणून फोटोग्राफरने उभा केलेला. त्या काळी हलणारी माणसं फोटोत उमटतच नसत. हा भर उन्हात हलला नाही, म्हणून उरला.

“अहो, हे तुम्हीच,” सुहासिनी दर वेळी म्हणायची. “सांगितलं तिथे उभे. तक्रार म्हणून नाही.”

ती गेल्यापासून डबा उघडला की त्यांना तेवढं ऐकू यायचं.

ते फ्रेमजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. खांब ओळखण्यापुरते उरले होते, पिवळट. भंगलेल्या खांबाशेजारी कागद नुसता कोरा होता.

“थोडा फेड झालाय, पण व्हिंटेज लुक आलाय ना?” रेणू म्हणाली. “डब्यात कोण बघणार होतं, बाबा? इथे येणारे सगळे विचारतात.”

डब्यावर काहीतरी लिहून ठेवायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, आपण सांगितलं होतं, एकदा जेवताना. की सांगायचं ठरवून गप्प बसलो होतो? त्यांना खात्री देता येईना.

“छान केलंस,” ते म्हणाले.

“थांबा, निहारला ऑफिसमध्ये फोटो पाठवते. फ्रेमशेजारी उभे राहा. हलू नका हं.”

ते उभे राहिले. खिडकीतलं ऊन थेट तोंडावर येत होतं. फोटो निघाला. रेणू फोनमध्ये बघत स्वयंपाकघरात गेली.

मनोहरराव अजून तसेच उभे होते.