सत्तेचाळीसचं माप

मी लांबच्या प्रवासाची एक सायकल बोलतेय. पण आधीच सांगून टाकते, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझी गोष्ट सुरू होते तेव्हा मी सायकल नव्हतेच. पोलादाची एक नळी होते, पकडीत आडवी धरलेली. माझ्या अंगावर खडूच्या दोन खुणा होत्या, एकमेकींपासून जेमतेम एका पेरावर. करवत फिरली, एवढं पक्कं आठवतं. कोणत्या खुणेवर फिरली हे मात्र छातीठोकपणे सांगवत नाही. मला दुसरीवर वाटायचं. पण नळीच्या वाटण्याला कोण विचारतो?

ते राहू दे. माझी मालकीण माझ्यापर्यंत कशी आली ते सांगते. हे तिच्याच तोंडून मी रस्त्यात इतक्यांदा ऐकलंय की त्यात तरी चूक नसावी.

ती शिवणकाम करायची. डोंगराच्या पायथ्याशी, बसच्या शेवटच्या थांब्यासमोर तिचं दुकान होतं: एक यंत्र, एक लांब टेबल, भिंतीला आरसा. खिंडीपलीकडच्या सरोवरावरून परतणारे प्रवासी फाटके तंबू आणि उसवलेल्या पिशव्या तिच्याकडे टाकून जात. पिशव्यांच्या शिवणीत बारीक पांढरी वाळू अडकलेली असे. ती वाळू ती झटकून टाकत नसे. सुईच्या टोकाने काढून बटणांच्या बरणीत ठेवी. तीस वर्षांत बरणी गळ्यापर्यंत भरली. वाळू जिथून येत होती ती जागा मात्र तिने पाहिली नव्हती.

सत्तावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गुडघे अजून दोनेक वर्षं टिकतील असं धरून चाला. सायकल चालवायला हरकत नाही, उलट बरंच. पण सीट खाली राहिली आणि गुडघा अर्धवट दुमडून चढ चढलात, तर दोन महिनेही टिकायचे नाहीत. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, सरोवरापर्यंत सायकलने जाणार. अकराशे किलोमीटर. एकटी.

नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, चेष्टेखोर माणूस. तो म्हणाला, "आणि पंक्चर झालं तर? रफू करशील?"

"करेन. तुमच्या सदऱ्याचं कोपर कोणी केलं?"

दुसऱ्या दिवशी नकाशा मात्र त्यानेच आणून दिला.

आधी ती मोठ्या दुकानात गेली. तिथल्या विक्रेत्याने एक सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली. हिने विचारलं, तंबू, कपडे, पाणी, स्वयंपाकाचं सामान, हे सगळं कुठे लावायचं? तो म्हणाला की ही वेगासाठी आहे. "वेग घेऊन मी काय करू?" असं म्हणून ती बाहेर पडली. दुसरी सायकल दणकट होती. पण चढाची दातेरी चाकं अशी की भरलेल्या पिशव्या घेऊन गुडघ्यांचा भुगाच व्हावा. तिसरीला कॅरिअर बसवायला भोकंच नव्हती. महिनाभर ती अशी हिंडली. शेवटी कोणीतरी तिला शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथे एक म्हातारा कारागीर हाताने फ्रेम बांधायचा, वर्षाला आठ-दहा, त्याहून जास्त नाही.

तिथे मी तिला पहिल्यांदा ऐकलं. तिने भिंतीवर टांगलेल्या एका फ्रेमच्या जोडावरून अंगठा फिरवला. जोडासाठी वितळवलेलं पितळ नळीभोवती पातळ, सारखं बसलं होतं. कुठे गाठ नाही, कुठे तोकडं नाही. ती म्हणाली, "दादा, ही टीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते मला सापडत नाही."

कारागिराने मान हलवली. एवढंच. मला वाटतं, त्या क्षणी दोघांनी एकमेकांना ओळखलं.

मग तो घटकाभर बोलला, त्याच्या मानाने पुष्कळ. पोलाद का? तर वाटेत मोडलं तरी कुठल्याही गावचा लोहार जोडून देईल. टायर जाड का, मागच्या चाकाला तारा जास्त का, चढासाठी सगळ्यात हलकं गिअर का. ती प्रत्येक गोष्ट कापडाचा पोत विचारावा तशी विचारत होती. शेवटी तो टेप घेऊन उठला, तेव्हा तिने पर्समधून चिठ्ठी काढली. पायाची आतली लांबी तिने घरी स्वतःच मोजून आणली होती.

"मी घेतो की माप," तो म्हणाला.

"तीस वर्षं मापंच घेते, दादा. अजून एक कपडा परत आलेला नाही."

चिठ्ठीवरच्या आकड्यावरून त्याने माझ्या सीटखालच्या उभ्या नळीचं माप काढलं आणि मोठ्याने वाचलं: सत्तेचाळीस सेंटिमीटर. तिने मान डोलावली. ती दाराकडे निघाली तेव्हा खडू हातात धरून तो तिच्या चालण्याकडे पाहत राहिला, कमरेपासून टाचेपर्यंत. मग माझ्यावर एक खूण केली. थांबला. मग दुसरी.

माणसांच्या हातांबद्दल मला अजूनही अचंबा वाटतो. मी कापली गेले, तापले, जोडली गेले. थंड होता होता मी नळ्यांचा ढीग राहिले नव्हते, एक अंग झाले होते. कारागिराने मला उलटी धरली, पोटाखाली लहान हातोडीने एक आकडा ठोकला आणि मग रंग दिला, गडद हिरवा.

ती न्यायला आली. कारागीर म्हणाला की सीटची दांडी तिसऱ्या रेघेवर लावली आहे, तिथून हलवू नका. ती बसली, शेडभोवती एक फेरी मारली आणि उतरताना तिचा चेहरा उजळला होता.

"बघा दादा. माझं माप."

"बसली ना बरोबर? मग झालं," तो म्हणाला आणि हात पुसायला आत गेला.

तिने मला टेप लावली नाही. दुसऱ्याचं काम ती सतरांदा मोजून बघायची. स्वतः दिलेलं माप मोजायची गरज तिला कधी वाटली नाही.

आणि आम्ही निघालो. पहिले दहा दिवस मी काय पाहिलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द अपुरे आहेत. मला रस्ता म्हणजे शेडसमोरची पन्नास पावलं एवढंच ठाऊक होतं. इथे तो संपतच नव्हता. वळणामागे वळण, पुलामागे पूल, एक नदी जी सकाळी डावीकडे असायची आणि दुपारी उजवीकडे. ती चालवता चालवता माझ्याशी बोलायची. बहुधा स्वतःशीच, पण तिथे ऐकायला मीच होते.

अकराव्या दिवशी खिंडीचा चढ लागला. हवा विरळ, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. अर्ध्यावर ती उतरली. मला दगडाला टेकवलं, दोन्ही गुडघे हातांनी धरले आणि बसून राहिली. खाली जाणारा एक ट्रक थांबला. चालकाने विचारलं, येताय का, मागे जागा आहे. ती पुष्कळ वेळ ट्रककडे पाहत होती. मला वाटलं, संपलं. बरणीतली वाळू बरणीतच राहणार.

मग तिने माझ्या उभ्या नळीवर हात ठेवला. म्हणाली, "माप माझं आहे. बसलंच पाहिजे." चालकाला नको म्हणाली.

गुडघे दुखत होते, पण आखडले नाहीत. पाय प्रत्येक फेरीला पुरा सरळ होत होता, हे मला पेडलवर कळत होतं. दोन तासांनी आम्ही वर पोचलो.

सरोवर दिसलं ते एकोणिसाव्या दिवशी. आधी मला तो आकाशाचाच खालचा भाग वाटला. काठ पांढराशुभ्र, डोळ्यांना सोसवेना असा, आणि एवढी शांतता की माझ्या साखळीचा बारीकसा आवाजही उर्मट वाटला. ती मला हाताने ढकलत पाण्यापर्यंत घेऊन गेली. बरणी उघडली आणि तीस वर्षांची वाळू तिच्या जागी ओतली. क्षणात ती कुठली नि इथली कुठली, काही कळेना. ती पाण्यापलीकडे बघत राहिली, आणि मीही.

त्यानंतर आम्ही आणखी दोन प्रवास केले, जवळचे. मग गुडघ्यांनी खरंच सुट्टी मागितली. दुकानाच्या मागच्या खोलीत मी उभी राहिले, गाठोड्यांच्या मधोमध. चाकांतली हवा गेली. कारागीर वारला, शेडमध्ये कुणीतरी गोदाम केलं. पण माझ्यावरची धूळ ती दर आठवड्याला पुसायची.

परवा तिची भाची आली, तिशीची. तिलाही सरोवर बघायचंय. मी तिला बसेन का, हे पाहायला मालकिणीने तिला भिंतीशी उभं केलं आणि पायाची लांबी घेतली. टेप घोट्याशी थांबवली. विजारीचं माप तिथेच संपतं.

भाची म्हणाली, "मावशी, पण पेडल तर पावलाखाली असतं ना? जमिनीपर्यंत नको का मोजायला?"

मालकिणीचा हात थांबला. टेपचं टोक घोट्याखाली लोंबत राहिलं.

"आणि सायकलचं माप किती?"

"सत्तेचाळीस. पाठ आहे मला."

"तरी लाव ना टेप एकदा."

मी मनात म्हटलं, भाचीताई, मी कुणाची होणार ते तुम्ही ठरवा. खिळ्याला टांगू नका, एवढंच मागणं. नवे टायर लागतील, साखळीही बदला. बाकी माझं अंग ठणठणीत आहे.

मालकीण खाली बसली. तिने माझी उभी नळी मोजली. उठली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. साडेएकोणपन्नास. मग दोघींनी मिळून मला उलटी केली. पोटाखालचा मळ अंगठ्याने घासल्यावर कारागिराने ठोकलेला आकडा वर आला. सत्तेचाळीस.