पेन्सिलीखालचा चेहरा

"आण्णा, ह्यो फोटू आईचा न्हाय," लीला म्हणाली आणि तिनं फ्रेम पालथी करून चटईवर ठेवली.

गडहिंग्लजच्या एस.टी.तून उतरून ती थेट माहेरी आली होती. पायावर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिनं नवं घर बांधलं तेव्हा आण्णांनी, म्हणजे त्र्यंबकनं, तिच्या आईचा, बयाबाईचा, फोटो मोठा करून, चांगल्या फ्रेममध्ये बसवून पाठवला होता. तोच ती परत घेऊन आली होती.

"न्हाय म्हंजे? मग कुणाचा हाय?"

"आईवानी दिसती. पर ती न्हवं. आईच्या तोंडावर देवीचं वण हुतं की. आन् ह्या बाईचं तोंड बघा, लोण्यावानी. पोरगी म्हनली, आई, आज्जी शिनेमातली व्हती काय गं? काय सांगू तिला?"

"अगं, त्योच तर माझा धंदा हाय!" त्र्यंबक हसत म्हणाला. पण लीला हसली नाही.

धंदा खरोखर तोच होता. महाद्वार रोडवरच्या स्टुडिओतल्या निगेटिव्हा त्याच्याकडे यायच्या. खिडकीशी उतरतं मेज, मेजाला मधोमध भोक, भोकाखाली आरसा. आरशातून वर येणाऱ्या उजेडात निगेटिव्ह धरायची आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल अलगद टेकवत राहायची. निगेटिव्हवर सगळंच उलटं; चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो. तो पांढरा ठिपका पेन्सिलीनं भरला की फोटोतला डाग गेला. उपवर मुलींचे तीळ, सासरेबुवांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, पैलवानांचे फुटके कान, त्र्यंबकच्या पेन्सिलीखालून सगळे गुळगुळीत होऊन गेले होते.

बयाबाईचा फोटो एकच. लीला तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. एका रविवारी त्र्यंबकनं स्टुडिओच्या मालकांचा कॅमेरा मागून आणला आणि गच्चीवर मांडला. बयाबाई मिरच्या वाळत घालत होती. "अवो, हाताला मिरची, तोंडाला मिरची, आजच कुटं काढताय? लुगडं तरी बदलू द्या," ती म्हणत राहिली. त्र्यंबक काळ्या कापडाखाली शिरला आणि तिथंच मिरचीचा तिखट वास नाकात जाऊन त्याला शिंक आली. एक आली, दुसरी आली. कॅमेऱ्याचे तीन पाय आणि त्र्यंबकचे दोन सगळेच थरथरले. बयाबाई मिरच्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसली आणि खदखदून हसली. तेवढ्यात त्यानं फोटो टिपला.

मग आठवडाभर फावल्या वेळात तो त्या फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर वाकून बसला होता. लहानपणी बयाबाईला देवी आलेल्या, त्यांचे वण कपाळापासून हनुवटीपर्यंत होते. सासरी आली तेव्हा त्यावरून तिला बोललेलं त्यानं ऐकलं होतं. एकेक वण त्यानं भरला. इतकं जीव लावून काम त्यानं कुणाचं केलं नव्हतं. फोटो हातात दिला तेव्हा बयाबाईनं तो उजेडाकडे धरला, बघितला आणि म्हणाली, "झ्याक हाय. कुटली म्हनायची ही बाई? जेवाय-बिवाय ऱ्हानार हाय का?"

आणि हसत हसत भाकरी थापायला गेली. ती वारल्यावरही हा किस्सा त्र्यंबक लोकांना गमतीनं सांगायचा. आज मात्र तो आठवला आणि त्याला हसू आलं नाही.

"बरं, आण हिकडं," तो म्हणाला. "घालतो की वण. ब्रशनं घालाय कितीसा येळ लागतोय?"

त्यानं काळा रंग कालवला, बारीक ब्रश ओठांनी टोकदार केला आणि फोटोवर वाकला.

"सांग. कुटं?"

"नाकाच्या डाव्या अंगाला एक हुता. मोटा."

"डाव्या न्हवं, उजव्या."

"डाव्याच. मी मांडीवर झोपायची तवा…" लीला बोलता बोलता थांबली. "का उजव्या हुता?"

ब्रश तसाच हवेत राहिला. ज्या चेहऱ्यासमोर बसून इतकी वर्षं भाकरी खाल्ली, तो त्र्यंबकला आठवत होता तो घरच्या भिंतीवर लावलेल्या याच फोटोसारखा. डोळे मिटले तरी तसाच. ही गुळगुळीत बाई बयाबाईच्या जागी कधी येऊन बसली, त्याला कळलंच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. तुमी मनानं घातल्यालं नगो. तिचं हुतं त्येच पायजेल मला."

"मग काच धुवाय लागंल," तो हळूच म्हणाला.

"मग धुवा की."

"तसं न्हवं. पेन्सिल वरच्या व्हार्निशीवर असती, टर्पेंटाइननं निघंल. पर काच जुनी झालीया. खालचा थर सुटला तर चेहराच निघून येनार. दुसरी काच न्हाय आपल्याकडं."

"गेली तर गेली. ही आई न्हवंच."

"तुला न्हवं," त्र्यंबक म्हणाला. "मला हाय ती. रोज सकाळी उठून मी हिलाच बघतोय."

लीलानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, मोरीत गेली, पाय धुऊन आली आणि गप भिंतीला टेकून बसली. त्र्यंबक बराच वेळ ब्रश पुसत राहिला. स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा पुन्हा पुसत राहिला. आणि मग त्यानं आपणच पेटीतली काच बाहेर काढली, फळीवरची टर्पेंटाइनची बाटली खाली घेतली.

कापसाचा बोळा, टर्पेंटाइनचा थेंब. आधी कडेला, जिथं मिरच्या होत्या तिथं त्यानं हात फिरवून बघितला. बोळा फिरला आणि काचेचा थर कागदासारखा सुटून आला. मिरच्या गेल्या. मिरच्यांवर टेकलेला बयाबाईचा हातही गेला.

"आण्णा, नगो," लीलाच म्हणाली. "थांबा आता."

"गप. हलू नगंस."

त्यानं नवा बोळा घेतला. दाब नाही, घासणं नाही. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून ओलं फडकं फिरवावं तसा त्यानं तो चेहऱ्यावरून फिरवला. कापूस करडा होत गेला. काच आरशावर धरली, तेव्हा बयाबाईच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके उमटत होते. कपाळावर एक, गालावर तीन-चार. तिन्हीसांजेला लांबच्या गावात एकेका घरी दिवा लागत जावा, तसे. थर जागेवर होता. त्र्यंबकनं बोळा खाली ठेवला आणि मगच श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काच घेऊन स्टुडिओत गेला. तांबड्या दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात कागद हलवत उभा राहिला. कागदावर आधी डोळे आले, मग हसू आणि हसण्याबरोबर गालावरचे सगळे वण एका बाजूला गोळा झालेले. नाकावरचा मोठा वण ना डावीकडे होता, ना उजवीकडे. बरोबर शेंड्यावर होता. दोघांचंही चुकलं होतं. कागद केव्हाच तयार झाला होता, तरी त्र्यंबक अंधाऱ्या खोलीतून लवकर बाहेर आला नाही.

घरी येऊन त्यानं फोटो भिंतीला टेकवून ठेवला. लीला समोर बसून राहिली. एका कडेला हात नाही, ढीग नाही, नुसतं काळं.

एवढ्यात शेजारची धोंडुबाई दह्याची वाटी घेऊन आली. बयाबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी सगळा संसार एका भिंतीच्या दोन बाजूंना केला होता.

"दाजी, लीला आलीया म्हनं, दही आनलंय," म्हणत ती उंबरा ओलांडून आत आली आणि तिथंच थांबली. वाटी तिच्या हातातच राहिली.

"अगं बया," ती फोटोकडे बघून म्हणाली. "कवा आलीस?"

धोंडुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वाटी बाजूला ठेवली आणि फोटोसमोर मांडी घालून ऐसपैस बसली.

"किती दिस झालं गं! आता ऐक, माज्या थोरलीनं काय केलं त्ये. तुज्याबिगर कुनाला सांगावं…"

लीला चहासाठी उठायला लागली. त्र्यंबकनं तिला हातानं बस म्हणून खुणावलं आणि तोच आत गेला. भांड्यात तिघांच्या चहाचं पाणी घातलं. स्टोव्हला पंप मारायला हात घातला आणि तसाच थांबला. स्टोव्हच्या भर्र आवाजात बाहेरचं बोलणं ऐकू आलं नसतं.