हरकत आलेली नाही

अकराव्या दिवशी सकाळी सहा वाजता मी लॅपटॉप उघडला, तेव्हा चर्चेच्या पानावर शेवटची ओळ येऊन पडली होती. ‘दहा दिवस पूर्ण. एकही हरकत आलेली नाही. प्रस्ताव मंजूर.’

चष्मा पुसून पुन्हा वाचली. एकही हरकत नाही? मी तीन पानं लिहिली होती, परिच्छेदांना आकडे घालून. शेवटी ‘योग्य त्या आदेशासाठी सादर’ असंसुद्धा.

“रुचिता! अगं रुचिता, जरा ये.”

सून दात घासता घासताच धावत आली. “काय झालं आई? छातीत दुखतंय?”

“छातीत काही नाही. बोरू.”

“अच्छा, बोरू.” तिने ब्रश परत तोंडात घातला. माझा नवरा श्रीरंग गेल्यापासून मी हाक मारली की ती आधी माझ्या छातीकडे बघते.

बोरू ही संगणकाची भाषा आहे. पुण्याच्या चैतन्यने बारा वर्षांपूर्वी ती सुरू केली आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. आता तीसेक देशांतली माणसं मिळून ती वाढवतात. हजेरी नाही, पगार नाही, साहेब नाही. कुणीही बदल सुचवायचा, सगळ्यांना दिसेल अशा पानावर त्याची चर्चा होते, आणि दहा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठला तेव्हा मी ही भाषा शिकले, आणि तिच्यात माझाही एक भाग घातला. त्याचं नाव ‘रकाने’.

विहिरींच्या जुन्या सरकारी नोंदी कशा असत हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. भोकं पाडलेल्या एका कार्डावर ऐंशी उभे रकाने. पहिल्या तिनांत जिल्हा, पुढच्या चारांत विहिरीचा नंबर, मग महिना, वर्ष आणि पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे तो आकडा. मधे स्वल्पविराम नाही की मोकळी जागा नाही. कुठला अंक कशाचा, हे फक्त रकान्यावरून ओळखायचं. एकोणीसशे पंचाहत्तर साली दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या कचेरीत मी लागले तेव्हा बाहेर मे महिन्याची भाजणारी लू आणि आत मशीनसाठी थंडगार ठेवलेल्या खोलीत आम्ही शाली पांघरून बसलेल्या. माझ्या शेजारची कुमुदिनी तर कार्ड उजेडात धरून भोकांवरूनच विहीर सांगायची. ती कार्डं गेली, पण त्यांच्या नोंदी टेपवर आणि टेपवरून पुढे उतरत उतरत अजून शिल्लक आहेत. त्या वाचणं आजच्या भाषांना जमत नाही. रकानेला जमतं.

आणि आता अंशुमन नावाच्या कुणीतरी प्रस्ताव टाकला होता, की पुढच्या आवृत्तीतून रकाने काढून टाकावं. दोन वर्षं त्याला कुणी वाली नाही. तेवीस तक्रारींना उत्तर नाही.

यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी श्रीरंगला झटका आला. चौदा महिने तो अंथरुणात होता. त्यानंतर मी लॅपटॉप उघडायचे, कुणी तरी काहीतरी विचारलंय एवढं दिसायचं, आणि मिटून टाकायचे.

दहा दिवस मात्र मी ते पान दर तासाला उघडत होते. प्रस्तावाखाली संमतीचे अंगठे वाढत होते. चार, नऊ, चौदा. भाजी फोडणीला टाकायची, पान बघायचं. आंघोळीला जायचं, ओल्या केसांनी पान बघायचं. आणि स्वतःला समजवायचं की घाबरू नकोस, फाईल वर गेलेली आहे.

“पण तुम्ही हरकत लिहिली कुठे?” चूळ भरून आलेल्या रुचिताने विचारलं. ती एका वृत्तवाहिनीत आहे, प्रश्न विचारणं तिच्या रक्तात भिनलंय.

“चैतन्यला. मेल.”

“आणि इथे, पानावर?”

“इथे चारचौघांत कशी लिहू? सदतीस वर्षं नोकरी केली, कधी कुणाविरुद्ध खोलीत उभं राहून बोलले नाही. आपलं टिपण वरिष्ठांना द्यायचं, ते बघतात.”

“मग त्याने बघितलं?”

मी त्याचं उत्तर काढून दाखवलं. ‘पत्र मिळालं. कृपया हे चर्चेच्या पानावरच लिहा. माझ्या मताला आता वेगळं वजन नाही.’

रुचिताने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “आई, हे तर बिल्कुल क्लियर आहे.”

तिला कसं सांगणार? आमच्या वेळचे जॉइंट सेक्रेटरी ‘माझ्या हातात काय आहे हो’ असं म्हणाले की काम झालंच समजायचं. ते सरळ ‘हो’ म्हणाले तर काळजी करायची. चैतन्यचं उत्तर वाचून त्या दिवशी मी चांगली निवांत झोपले होते.

तो अकरावा दिवस शनिवार होता आणि त्याच दिवशी नोएडात, सेक्टर बासष्टच्या एका ऑफिसात बोरूवाल्यांची बैठक होती. तीही पानावरच लिहिलेली होती, कुणीही यावं म्हणून. मी आजवर कधी गेले नव्हते. सुती साडी नेसले, लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि मेट्रो पकडली.

चौथ्या मजल्यावर वीस-बावीस जण लॅपटॉप मांडून बसले होते. मधे समोशांचा खोका. दारातल्या मुलीने विचारलं, “आंटीजी, किससे मिलना है?”

“अंशुमन से.”

“आप उनकी…?”

“मैं सुमित्रा.”

दोन-तीन माना वर झाल्या. “सुमित्रा? रकाने वाली?”

खिडकीपासचा एक दाढीवाला उंच मुलगा उठून उभा राहिला. खुर्ची मागे आपटली. “काकू, तुम्ही मराठी?”

“नावावरून नाही कळलं?”

“सुमित्रा बंगाली पण असतात ना. आणि आम्हाला वाटायचं कुणी प्रोफेसर असतील. म्हणजे होते. म्हणजे… गेले.”

“कुठे गेले?”

“दुसऱ्या प्रोजेक्टवर,” तो घाईघाईने म्हणाला, आणि बाकीचे हसले.

मला हसू आलं नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली. “एकही हरकत आलेली नाही असं तू लिहिलंस. मी तीन पानं पाठवली होती.”

“कुठे?”

“चैतन्यला.”

त्याने कपाळाला हात लावला. “काकू, चैतन्य दोन वर्षांपासून फक्त मार्गदर्शिकेतल्या चुका सुधारतो. त्याचं एक मत, माझं एक, तुमचं एक.”

“पण प्रमुख तोच ना?”

“प्रमुखच नाहीये कुणी, यार! सॉरी. कुणी नाही, काकू. तुम्ही एक ओळ लिहायची होती. ‘मला मान्य नाही, कारण अमुक.’ बस. मी काही करू शकलो नसतो. लक्ष्मीबाई नगरात आमच्या खाली नववीतली एक मुलगी राहते, तिने लिहिलं असतं तरी प्रस्ताव थांबला असता.”

“लक्ष्मीबाई नगरात असतोस?”

“आईचं सरकारी क्वार्टर आहे. सांगलीहून पोस्टिंगवर आली, मी तेव्हा दुसरीत होतो.”

आम्हीही तिथे एकोणीस वर्षं काढली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याला ब्लॉक विचारला असता, अंगणातल्या जांभळाचं काय झालं ते विचारलं असतं. आता म्हटलं, “मग आता काय?”

त्याने खुर्ची ओढून दिली. “अजून काढलेलं नाही. सोमवारी काढणार. तुम्ही आत्ता हरकत लिहा. उशीर झाला असं कुणी म्हणालं तर मी सांगीन की लिहिली होती, चुकीच्या ठिकाणी गेली. ऐकतील सगळे. फक्त त्या तेवीस तक्रारींचं काय करणार ते सांगावं लागेल.”

म्हणजे थांबवता येत होतं. इतकं सोपं होतं. मला एकदम तहान लागली. कुणीतरी पाणी दिलं.

“तक्रारी वाचल्यात ना?” अंशुमनने विचारलं.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्याने पहिली तक्रार उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लिहिणारे पद्माकर, नागपूरचे, निवृत्त भूजलतज्ज्ञ. भाषा आमच्याच वळणाची, सरकारी इंग्रजी. ‘मे १९८३, वर्धा जिल्हा. रकानेच्या म्हणण्यानुसार एकसष्ट विहिरींचे पाणी जमिनीपासून शून्य मीटरवर आहे, म्हणजेच विहिरी काठोकाठ भरलेल्या आहेत. त्या उन्हाळ्यात मी स्वतः तेथे मोजणीला होतो. अशी एकही विहीर नव्हती. अनेक गावांपर्यंत आमची जीप पोहोचलीच नाही. कृपया पाहावे.’

खाली महिन्याने लिहिलेलं, ‘कुणी आहे का?’

त्याखाली सहा महिन्यांनी, ‘हे आकडे आता एका प्रबंधात छापले गेले आहेत.’

“काठोकाठ म्हणजे?” मी मोठ्याने मराठीत सांगत होते त्यातल्या तेवढ्याच शब्दाशी अंशुमन अडला.

“वरपर्यंत भरलेली. वाकून हात घातला की पाणी.”

“मे महिन्यात?” तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला.

मला ती खोली दिसत होती. मोजणारा पोचला नाही की तो रकाना कोरा सोडायचा, ही आमच्याकडची रीत. आमचं मशीन कोऱ्याला शून्य समजायचं. मग छापील कागद आला की मी आणि कुमुदिनी लाल पेन्सिली घेऊन बसायचो आणि त्या प्रत्येक शून्यावर आडवी रेघ मारायचो. रेघ म्हणजे गेलो नाही, माहीत नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर मी रकाने लिहिलं ते त्या मशीनसारखं हुबेहूब चालावं म्हणून. कोरी जागा दिसली की शून्य. केवढी खूश झाले होते मी तेव्हा, श्रीरंगला बोलावून दाखवलं होतं. लाल पेन्सिल मात्र त्यात घालायची राहून गेली. नऊ वर्षं राहिली होती.

“हरकत मी टाइप करू का? तुम्ही सांगा,” अंशुमन म्हणाला.

“नको. माझं मी लिहिते.”

अर्धा तास लागला. पहिल्यांदा ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहून खोडलं. मग ‘नम्र निवेदन’ लिहून खोडलं. इतके जण वाचणार, ब्राझीलचे, पोलंडचे, ही समोसा खाणारी पोरं, आणि नागपूरला ते पद्माकर. शेवटी एवढंच राहिलं:

‘मी सुमित्रा. रकाने मी लिहिलं आहे. मोजलीच नाही अशी विहीर ते भरलेली दाखवतं. चूक माझी आहे. हा भाग सोमवारपर्यंत ठेवू नका, आजच काढा, आणि जुन्या आवृत्तीवर सूचना लावा की हे आकडे वापरू नयेत. मी तो बाहेर वेगळा ठेवून दुरुस्त करीन. परत घ्यायचा की नाही ते तेव्हा सगळ्यांनी ठरवा.’

आणि बटण दाबलं.

अंशुमनच्या पडद्यावर ते उमटलं तसा तो किंचाळलाच. “काकू! आत्ता तर थांबत होतं ना!”

“थांबलं असतं तर पुढच्या आवृत्तीतही त्या विहिरी भरलेल्याच राहिल्या असत्या.”

“अहो, दुरुस्त आत राहूनही करता आलं असतं.”

“किती दिवसांत? माझं वय त्र्याहत्तर आहे आणि तक्रारी तेवीस. तोवर आणखी कुणी प्रबंध छापेल. काढ तू.”

त्याने दोनदा विचारलं. मग काढलं. आठशे चाळीस ओळी लाल होऊन वर सरकत गेल्या, त्यांत मला माझ्याच काही ओळखीच्या ओळी दिसल्या, आणि सगळं संपायला वीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. दारातल्या मुलीने समोसा पुढे केला. मी तो हातात धरून बसले. नंतर पहिल्या तक्रारीखाली लिहिलं, ‘आहे. उशीर झाला. त्या एकसष्ट विहिरींची यादी पाठवाल का?’

परतीच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला फोन बघितला. पानावर अंगठे येत होते, एका पोलिश मुलाने जुन्या आवृत्तीवर सूचना लावून टाकली होती, एकाने लिहिलं होतं की इतकी वर्षं हे कुणाला कळलं कसं नाही. बरोबरच होतं त्याचं. फोन बघता बघता माझं स्टेशन मागे राहिलं, एक स्टेशन परत यावं लागलं.

रुचिता दार उघडताच म्हणाली, “काय झालं? जिंकलात?”

“काढलं.”

“काय यार! त्यांनी ऐकलंच नाही?”

“ऐकलं. मीच काढायला सांगितलं.”

मी चपला न काढता टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला. दिवेलागणीला पद्माकरांचं उत्तर आलं. सगळ्यांना दिसेल असं, पानावर.

‘एकसष्ट नव्हेत. पुन्हा तपासले असता सत्याऐंशी निघाल्या. यादी जोडली आहे. आपण दोन वर्षे कुठे होतात?’

मी आधी यादी उघडली. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच, सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं, आणि त्याला मला जरा वेळ लागणार होता.