माटोळीचं केळं

गोव्यात सर्वण गावी आमच्या घरी चवथीची आरती सुरू झाली की संपायचं नाव घेत नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही, आणि गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांना तर विसर्जनापर्यंत हात लावायचा नाही. मला लहानपणापासून मधुमेह आहे आणि सकाळीच मी इन्सुलिन घेतलंय, हे काकीला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "एक दिवस दम धर गे."

रक्तातली साखर उतरली; मला घाम फुटला, हात थरथरू लागले. सगळे डोळे मिटून टाळ्या पिटत होते. शेजारच्या गौरेशचे डोळे तेवढे उघडे होते. त्याला ऐकू येत नाही, तो माणसं बघतो. त्याने उडी मारून माटोळीतलं केळं तोडलं आणि माझ्या हातात दिलं.

आरती थांबली. "मेल्या, माटोळी बाटवलीस!" काकी किंचाळली.

आजवर मी इंजेक्शन न्हाणीत लपून घ्यायचे आणि गौरेशशी खुणांनी बोलायचे ते शाळेच्या बाकाखाली. पुरे झालं! मी केळं सोलून सगळ्यांच्या देखत खाल्लं. मग थरथरत्याच हातांनी, सगळ्यांना दिसेल असं, त्याला सांगितलं की माझं तुझ्यावर प्रेम आहे.

गौरेश लाजून लाल झाला.

"काय सांगितलंस त्याला?" काकीने विचारलं.

"ह्या खुणा शिकून घे, काकी," मी म्हटलं. "आता या घरात रोज लागतील."